दही लागल्याशिवाय रिपोर्ट नाही

“कोणी फिरवली ही नळी? समोर ये आधी!”

इंदिरानगरातल्या आमच्या लॅबमध्ये हा आवाज उठला, तेव्हा रांगेत बसलेल्या तिघांनी आपण होऊन वर केलेल्या बाह्या खाली ओढल्या. आवाज बागूलताईंचा. उंची पावणेपाच फूट, पण ओरडल्या की हायवेवरचे ट्रक कडेला थांबायचे. मी पाहिलेलं नाही, पण माझी खात्री आहे. नळी मीच फिरवली होती, म्हणून सगळ्यांच्या मागे उभा राहून मीही “कोणी, कोणी?” असं विचारत होतो.

ताई मूळच्या सटाण्याच्या, आमच्या मुख्य टेक्निशियन. काढलेलं रक्त नळीत पूर्ण गोठू द्यायचं, मगच ती यंत्रात गरगर फिरवायची आणि वर आलेलं पिवळसर पाणी तपासायचं, हा त्यांचा धर्म. गोठण्याला त्या ‘दही लागणं’ म्हणत. नळी हळूच तिरकी करून अशा बघत, जणू पाहुणे जेवायला बसलेत आणि कढी व्हायचीय. कोणी घाई केली, की अहिराणी बाहेर पडे: “घाई कोनले शे? तुले का रगतले?” एक पेशंट तर “यांचं दही अजून पातळच आहे” हे ऐकून चप्पल सोडून पळाला. ती चप्पल ताईंनी वर्षभर जपली, पण गडी परत आला नाही.

त्या दिवशीची नळी होती मनमाडच्या वाघकाकांची. रेल्वेतून निवृत्त झालेले, रक्त पातळ ठेवायची गोळी चालू. पाठ दुखायची थांबेना, म्हणून डॉक्टरांनी रक्तात एक नको ते प्रोटीन वाढलंय का, ते बघायला सांगितलं होतं. वाढलं असेल तर हाडांच्या मगजाचा कॅन्सर असू शकतो. काका म्हणाले, “साहेब, जरा लवकर करा, दुपारची गाडी आहे.” मला कोणी साहेब म्हटलं, की मी रूळ सोडतो. दहा मिनिटांत नळी फिरवली.

या तपासणीत प्रोटीनचा आलेख निघतो; त्यात एरवी एक डोंगर आणि चार टेकड्या दिसतात. यात शेवटच्या टेकडीच्या अलीकडे साल्हेरच्या किल्ल्यासारखा सुळका उभा! मी हुशारीने त्याचा फोटो डॉक्टरांना धाडला. इकडे ताईंना ती नळी दिसली आणि तो आवाज उठला, तेवढ्यात डॉक्टरांचा फोन. ताईंनी स्पीकर लावला.

“कॅन्सरच वाटतोय. रिपोर्ट सोडा, आजच भरती करून घेतो.”

काकांसोबत आलेल्या काकू दारात उभ्या होत्या, त्यांनी ते ऐकलं. हातातली पाण्याची बाटली त्यांनी छातीशी धरली, आणि मला पहिल्यांदा माझीच लाज वाटली.

ताई म्हणाल्या, “रिपोर्ट सुटणार नाही, डॉक्टर. दही लागलं नव्हतं.”

“अहो, मशीन नवंकोरं आहे ना?”

“मशीन नवं आहे, रगत कच्चं आहे. गोठवणारं प्रोटीन पाण्यातच राहिलंय, तेच नेमकं तिथे सुळका काढून बसतं.” मग काकूंकडे वळून, “माय, बस. अजून काहीच ठरलेलं नाही.”

काकांचं रक्त पुन्हा घेतलं. ताई नळीसमोर स्टूल टाकून बसल्या, अंड्यावर कोंबडी बसावी तशा. तास गेला. मी दोनदा चहा आणला, दोन्ही वेळा ताईंनी तो बघितलासुद्धा नाही. गोळीमुळे दही सावकाश लागत होतं. शेवटी त्यांनी नळी तिरकी केली, एक काडी बुडवून धागे येत नाहीत ना ते पाहिलं आणि म्हणाल्या, “आता फिरव, साहेब.”

नवा आलेख आला. डोंगर, चार टेकड्या. सुळक्याच्या जागी सपाट माळ.

ताई आता निवृत्त होऊन सटाण्याला असतात, आणि मी नळीसमोर स्टूल टाकून बसतो. पण त्या क्षणी मी उड्या मारतच बाहेर धावलो. “काका, सुळका गेला! ते प्रोटीन नाहीच तुमच्यात!” काकू ताईंच्या गळ्यात पडून रडायला लागल्या.

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“गाडी पण गेली,” ते म्हणाले.