गोड्या पाण्याचा शॉट

बहरीनच्या विमानतळावर सामानाचा पट्टा रिकामा फिरत राहिला आणि हेलन गुडघा चोळत खुर्चीवर बसून राहिली. ती लंडनहून आली होती, मी मुंबईमार्गे पुण्याहून. माझी कॅमेऱ्याच्या स्टँडची पेटी आली, तिची बॅग आली नाही. तक्रार नोंदवताना ती कुणावर चिडलीसुद्धा नाही. तेव्हाच मला कळलं, ही खूप थकली आहे.

हेलन ब्रिटिश. चाळीस वर्षं तिनं टीव्हीसाठी विज्ञानाचे माहितीपट केले. भारतात ती चित्रीकरणाला आली की कॅमेरा मी धरायचा, अशी आमची जुनी सवय. या वेळी तिनं मला बहरीनला बोलावलं. काम छोटं होतं: फोनवर बघण्यासारखी चार मिनिटांची समुद्राची फिल्म.

बाहेर इक्बालभाई गाडी घेऊन उभे होते. मूळचे दापोलीकडचे, पण उमर इथेच गेलेली. अरबी अगदी सफाईदार. ते म्हणाले, "ताई, बॅग येईल इंशाल्ला. आधी चाय घ्या." नईम भागातल्या एका जुन्या गल्लीत त्यांनी करक (वेलची घालून आटवलेला कडक चहा) पाजला, मग सीफ या नव्या वस्तीतल्या हॉटेलात सोडलं. खिडकीतून काचेचे मनोरे दिसत होते, आणि रस्त्यावर चालणारं माणूस एकही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीनं निघालो. बहरीनच्या समुद्राच्या तळाशी पूर्वी गोड्या पाण्याचे झरे होते. मोती काढणारे पाणबुडे बुडी मारून कातडी पिशवीत ते पाणी भरून आणत. हेलननं तीस वर्षांपूर्वी त्यावर फिल्म केली होती, तिची सर्वांत गाजलेली. त्या फिल्मचं मराठी निवेदन मीच लिहिलं होतं. नावाड्यानं एका जागी इंजिन बंद केलं, खाली बोट दाखवलं आणि म्हणाला, "मफी." काही नाही. जमिनीवर इतक्या विहिरी खोदल्या गेल्या की झरे कधीच आटले.

मी कॅमेरा लावत होते. हेलन म्हणाली, "राहू दे. तीस वर्षांपूर्वी आम्ही आलो तेव्हाही इथे काही नव्हतं."

परतताना तिनं सगळं सांगितलं. ती शाळामास्तरांची मुलगी. टीव्हीच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागली, संध्याकाळी थांबून संकलन शिकली. प्रयोग फसला तर फसलेलाच दाखवायचा, यावरून वरिष्ठांशी भांडायची. त्या हट्टानं तिचं नाव झालं. संसार मात्र टिकला नाही. आणि इथे, पैसे आणि दिवस दोन्ही संपत आले असताना, तिनं नळाचं पाणी पिशवीत भरलं, अबू जासिम नावाच्या पाणबुड्याला ती घेऊन बुडी मारायला लावली, आणि वर आल्यावर ते पाणी प्यायला लावलं. जगभर तोच शॉट गाजला.

मला राग आला. माझ्या मराठी वाक्यांवर शाळांतल्या मुलांनी विश्वास ठेवला होता. मी तसं बोलले. ती म्हणाली, हो. एवढंच.

अबू जासिम आता रिफा शहरात मुलाच्या बंगल्यात राहतो, हे हेलनच्या सांगण्यावरून इक्बालभाईंनी शोधून काढलं. तिसऱ्या दिवशी गेलो. मुलानं मचबूस (मसाल्यात शिजवलेला भात आणि मासा) वाढला. म्हातारा माझ्याशी, इक्बालभाईंशी बोलला. हेलनकडे त्यानं पाहिलंही नाही.

जेवणानंतर हेलननं माफी मागितली. इक्बालभाईंनी ती अरबीत सांगितली. मग म्हातारा बोलू लागला आणि इक्बालभाई हळू आवाजात मला मराठीत सांगत गेले. फिल्म दाखवली गेली तेव्हा गावातल्या जुन्या पाणबुड्यांनी त्याला विचारलं, कुठला झरा तो, आम्हाला ने. तो नेऊ शकला नाही. त्याच्या बापाला सगळे खरं बोलणारा म्हणून ओळखत. याला खोटारडा म्हणू लागले. दोस्तांच्या बैठकीत जाणं त्यानं सोडलं.

"ताई, तो म्हणतो, पाणी मी प्यालो, म्हणजे खोटं माझंही आहे," इक्बालभाई म्हणाले. "पण या बाईंनी माझ्या तोंडून दुनियेला सांगितलं. आता स्वतःच्या तोंडून सांगावं."

चाळीस वर्षांत हेलन कधी कॅमेऱ्यासमोर आली नव्हती. मी तिला तिथेच खिडकीपाशी बसवलं. बॅग न मिळाल्यानं अंगात तोच तीन दिवसांचा सदरा. तिनं नळापासून सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "या माणसानं मला आधीच सांगितलं होतं की झरा आटला आहे. मी ऐकलं नाही."

नवी फिल्म मागवणाऱ्या लंडनच्या कचेरीनं दुसऱ्या दिवशी कळवलं की हा भाग नको, जुनी फिल्म अजून शाळांत चालते. हेलननं उत्तर पाठवलं की मग नवी फिल्मही मिळणार नाही. मी केलेलं चित्रण तिनं पेनड्राइव्हवर भरून घेतलं आणि आम्ही पुन्हा रिफाला गेलो. अबू जासिमनं जुन्या गावातल्या सात-आठ म्हाताऱ्यांना बोलावलं होतं. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर त्यांनी हेलनला पाहिलं. इक्बालभाई अर्थ सांगत होते. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यातला सर्वांत वयस्कर उठला, अबू जासिमशेजारी जाऊन बसला आणि त्याच्यासाठी कहवा (अरबी कॉफी) ओतू लागला. हेलन दाराजवळ उभी होती. तिला कुणी बसायला सांगितलं नाही, आणि तिचीही तशी अपेक्षा दिसली नाही.

विमानतळावर मी तिला विचारलं, आता काय करणार. ती म्हणाली, आधी गुडघ्याचं ऑपरेशन. काम तर गेलंच होतं.

पुण्यात आल्यावर सगळ्यांनी विचारलं, बहरीनमध्ये काय पाहिलंस. मी दोन दिवस झोपून काढले. मग कपाटातून माझ्या जुन्या निवेदनाची वही काढली, त्यातलं पाणबुडा झऱ्याचं पाणी पितो हे वाक्य खोडलं आणि ज्या शाळांत ती फिल्म दाखवली होती त्यांतल्या पहिल्या शाळेला पत्र लिहायला बसले.