पाहुण्यांच्या ताटातली धिंगरी

माझ्या अकलेचे दिवे मी आजवर पुष्कळ पाजळले, पण ज्या दिवशी पाहुणे वंदीला बघायला आले, त्या दिवशी तर मी दिवाळीच केली! चहा घ्या आधी, मग ऐका. आणि हसायचं तर मोकळं हसा. मीही हसतो हल्ली. तेव्हा मात्र आईनं हसू दिलं नव्हतं.

वंदी माझी धाकटी बहीण. तिचं काही केल्या जुळत नव्हतं. कोणाला ती सावळी वाटायची, कोणाला उंच. आईनं सोमवार धरले, गुरुवार धरले, आता धरायला वारच उरले नव्हते.

आणि मी? मी सेलूतला कापडदुकानदार, पण बी.एस्सी. बरं का! आपल्याला सगळं कळतं आणि बाकी गाव म्हणजे नुसती मेंढरं, असं माझं ठाम मत. त्यात नव्याण्णव साली मी मशरूम लावायचं शिकून आलो. मग काय विचारता! मागच्या खोलीत सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, उकळून पिशव्यांत भरलं, पिशव्या टांगल्या, पाणी शिंपडत बसलो. कुटारावर पांढरी जाळी पसरली आणि एक दिवस पिशव्यांना कानासारखी धिंगरी मशरूम फुटली. शेजारचे म्हणाले, "ह्या तं कुत्र्याच्या छत्र्या होय बे!" मी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं काही ते आत्ताच झाडावरून खाली उतरलेत.

तर पाहुणे आले जामहून. मुलगा, त्याचे वडील बाबूजी आणि बाबूजींची बहीण, आत्याबाई. किराण्याचा धंदा, माणसं सज्जन. पण शाकाहारी अशी, की शेजारी कोणी अंडं फोडलं तर यांनी खिडकी लावावी! आई माझ्या बायकोला म्हणाली, "वांग्याची भाजी कर." मी म्हणालो, "वांगी कोणीही करतं. मशरूम कर!" बायको बिचारी निमूट कामाला लागली.

भाजी अशी झाली होती म्हणून सांगू! आत्याबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

"लय मस्त लागते बापा! कोणच्या झाडाले येते वो हे?"

आता सांगा, शहाण्या माणसानं काय करावं? 'येते एका झाडाले' म्हणावं आणि पोळी वाढावी. पण मी हसलो. कुत्सित. आणि एकदम शुद्ध भाषेत शिरलो. शास्त्र सांगताना मी शुद्धच बोलायचो.

"झाडाला? आत्याबाई, ही वनस्पतीच नव्हे!"

"मंग काय व्हय?"

"बुरशी!"

"लोणच्यावर येते थे?"

"तिचीच भाऊबंद. पण घराणं वेगळं!" या विनोदावर मी एकटाच हसलो.

बाबूजी शांतपणे म्हणाले, "झाड नाई म्हन्ता, तं मंग प्राणी हाय का जी?"

बघा, देवमाणूस! मला सुटायला दार उघडून दिलं होतं. नुसतं 'नाही' म्हणायचं होतं.

"नाही," मी म्हणालो, "पण झाडापेक्षा प्राण्यांच्याच जास्त जवळची!"

बाबूजींचा घास हवेतच राहिला. आतून आई खोकली. बायको म्हणाली, "अहो, आतून ताक आणा ना."

"थांब गं! यांचा गैरसमज होईल," मी म्हणालो. "बाबूजी, झाड उन्हात स्वतःचं अन्न बनवतं. हिच्यात ते हिरवं द्रव्यच नाही. ही कुटारावर रस सोडते, कुटार अंगाबाहेरच पचवते आणि मग शोषून घेते. आणि हिच्या अंगात जे कडक असतं ना, तेच झुरळाच्या पाठीतही असतं!"

"माय वो!" आत्याबाई पदर तोंडाला लावून न्हाणीकडे पळाल्या.

इतका वेळ गप्प बसलेला मुलगा तेवढ्यात बोलला. "भाऊ, गजकर्णबी बुरशीनंच होते ना?"

"शाब्बास!" मला भरून आलं. चला, कोणीतरी शिकलेलं भेटलं!

"अबे जेवून राह्यलो ना आपन!" बाबूजी ओरडले.

मग मी सावरायला गेलो. "घाबरू नका हो. बुरशी फार उपकारी! ती नसती तर पालापाचोळा, मेलेली ढोरं, कितीतरी घाण तशीच साचून राहिली असती. तुमचा पाव बुरशीनंच फुगतो. पेनिसिलिन बुरशीपासूनच निघालं!"

"पाव?" बाबूजींचा आवाज खोल गेला. "मी तं सकाळीच चहासंग खाल्ला जी."

"मग अभिनंदन!" मी म्हणालो.

तेवढ्यात वंदी वरण-भात घेऊन बाहेर आली. चेहरा एकदम शांत. मशरूमच्या वाट्या उचलल्या आणि म्हणाली, "बाबूजी, वरण-भात घ्या जी. तांदूळ झाडालेच येते. दादा, तू हात धुऊन घे."

पाहुणे भात खाऊन गेले. विडासुद्धा घेतला नाही. आईनं मला धरलं, "काऊन रे, तुले जेवताना झुरळच सापडलं?" वंदी काही म्हणाली नाही, तेच जास्त लागलं. रात्रभर मी मनातल्या मनात त्या अडाणी पाहुण्यांनाच शिव्या घातल्या. विज्ञानाची कदर नाही म्हणजे काय!

आणि दुसऱ्या दिवशी दुकानात फोन. बाबूजी!

"पोरगी पसंत हाय जी आमाले."

माझी छाती अशी फुगली! "बघा, मी म्हणत नव्हतो? पटलं ना तुम्हाला माझं?"

"त्यातलं आमाले काईच नाई समजलं जी," बाबूजी म्हणाले. "पन आमची बहीन म्हन्ते, हा भाऊ घरात असून पोट्टी येवढी शांत राहू शकते, तं थे कोनत्याबी सासरी नांदते."