खांदेकऱ्यांचा दगड

आमच्यात मयताचा दगड घरात आनत न्हाईत. ज्या खड्यानं मडकं फोडत्यात त्यो खडा दहाव्यापर्यंत बाहेर झाडाला टांगत्यात, आत न्हाई. आन माझ्या घरात, बाळाच्या झोळीच्या बरोबर खाली, तसलाच आख्खा काळा दगड येऊन पडला, मी काय करायचं?

नवऱ्याचं काम दगडाचं. घोडेगावच्या पुढं डिंभ्याच्या रस्त्याला आमचं घर, पाटं-वरवंटं करून रस्त्याकडंला मांडायची. मिक्सर आलं तसं पाटं कोन घेईना, मग नावाच्या पाट्या सुरू केल्या. ह्यांना वाचता येत न्हाई, मी चौथी शिकलेली, मी खडूनं अक्षरं काढायची आन त्यांनी छिन्नीनं कोरायची.

त्या पावसाळ्यात जुन्नरच्या चर्चच्या पाळकांनी काम दिलं. देशाचा एक लई मोठा पुढारी पूर्वी पुण्याच्या दवाखान्यात वारला, तवा त्याच्या तिरडीला ह्या चर्चमधल्या सहा पोरांनी खांदा दिला व्हता. पोरं तितंच दवाखान्यात कामाला व्हती. त्यांची नावं कोरून भिंतीत बसवायची. "मानाची पाटी हाय ताई," पाळक म्हनले. पाच जन गेलेले, एकटं म्हातारं जिवंत, त्याचं नाव त्याला विचारून मगच कोरायचं.

ओल्या दगडावर खडू उठत न्हाई म्हनून दगड आत घेतला. माझं आधीचं एक पाळन्यातच गेलेलं, ह्यो दुसरा, सहा महिन्यांचा. पाचवं नाव कोरून झालं आन पोराला ताप भरला. दूध तोंडात घेईना, माझ्याकडं बघंना, खाली दगडाकडं बघायचा. आन झोळी. हात लावला न्हाई तरी हलायची, आन पुढंमागं न्हाई, तिरडी चालल्यावर हलती तशी, जरा ह्या अंगाला, जरा त्या अंगाला.

"अवो, त्यो दगड बाहेर काढा."

"येडी हायेस का? अर्धा कोरलेला दगड पावसात टाकू? पोराला दवाखान्यात दावलंय ना?"

"दावलंय. ताप उतरंना."

"मग दगड हलवून उतरनार व्हय?"

पोराला छातीशी धरून दारात बसून राह्यले, आत जायलाच नको वाटायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस्टीनं ते म्हातारं आलं. उंच मानूस, एक खांदा खाली गेलेला. दगडाजवळ बसून नावांवरनं हात फिरवला, एकावर बोट ठेवलं आन हसायला लागलं. "ह्यो लई लबाड. पुढं राहून सगळं वजन मागच्यावर टाकायचा."

नवऱ्यानं विचारलं, "बाबा, तुमचं नाव कोरू का?"

"कोर की. मेल्यावर मला कुठं बघायला मिळतंय?"

मला राहवलं न्हाई. आमच्यात दहाव्याला खांदेकऱ्यांना बसवून त्यांच्या खांद्याला तेल लावत्यात, लावलं म्हंजे वजन उतरलं. मी विचारलं, "बाबा, तुमच्या खांद्याला कुनी तेल लावलं का वो तवा?"

"आमच्यात न्हाई तसलं पोरी. आन त्या पुढाऱ्याच्या घरी आमाला कोन बोलावतंय? गर्दी एवढी, खांदा बदलायला मानूस आत शिरंना. उचलल्यापासनं नदीपर्यंत आमीच सहा जन. अजून कधी कधी हा खांदा भरून येतो, वाटतं, अजून हायेच वर."

ते हसले. मला हसू आलं न्हाई. अजून हायेच वर. मी झोळीकडं बघितलं. रिकामी व्हती, बाळ माझ्या कडंवर, तरी हलत व्हती.

मी तेल कोमट केलं. "बाबा, सदरा काढा."

"अगं, पावनं हायेत ते!" नवरा खेकसला.

"लावू दे रं. फुकटचं तेल म्हाताऱ्याला कोन लावतंय?"

बाळ एका हातात, एका हातानं मी खांदा चोळला. वाटी तशीच घेऊन दगडाशी गेले आन बोटानं एकेका नावात तेल भरलं. नवरा पळत आला, "अगं ये! तेल पिल्यावर दगड रंग धरत न्हाई!" माझा हात धरला, तवर पाचवं नाव झालं व्हतं.

संध्याकाळी पोराला घाम फुटला आन त्यानं दूध ओढलं. नर्सबाई म्हनल्या, औषध लागू पडलं. असंल. पन झोळी थांबली व्हती.

अक्षरांत पांढरा रंग भरून पाटी चर्चच्या भिंतीत बसली. वरची ओळ पांढरी, सहावं नाव पांढरं, मधली पाच काळीच राह्यली. नवरा सांगतो, उन्हाळ्यात पन ओली दिसत्यात. मी बघायला गेले न्हाई.

पोरगं आता बालवाडीत जातं. परवा ते म्हातारं गेलं. नवरा जुन्नरला मातीला, खांदा द्यायला गेला. मी दारातच थांबलेले. आला, आंघोळ केली, मला वाटलं आत जाईल. गेला न्हाई. ओट्यावर बसला, सदरा काढला, खांदा पुढं केला.

मी तेल आनलं. हात लावला तर खांदा दगडासारखा कडक, खाली दबलेला. पोरगं खेळत जवळ आलं, मी वरडले, "आत जा!" आन चोळत राह्यले, तेल संपलं तरी चोळतच राह्यले.