नकली चाकांवरचे रविवार

जपानमधल्या हामामात्सु शहराच्या पश्चिमेला, तळ्याकाठच्या पार्किंगमध्ये दर रविवारी सकाळी जुन्या गाड्यांची मंडळी जमते. एके काळी त्या मंडळीत अमानो तोकुजी म्हणेल ती पूर्व दिशा होती. माणूस तसा दिसायला काहीच नाही. बुटका, मान जरा पुढं काढून चालणारा, पियानोच्या कारखान्यात झाकणांना पॉलिश करणारा. बोलणंही मोजकं. पण कुणी नवी चाकं लावून आला, की सगळे आधी तोकुजीकडे बघायचे. तोकुजी त्या गाडीपाशी उकिडवा बसायचा, आऱ्यांच्या मागे बोटं फिरवायचा आणि उठताना म्हणायचा, "खरी आहेत." मालकाचा चेहरा मग असा खुलायचा, की घरी मुलगा झाल्याची तार आली असावी.

बाहेरच्या माणसाला यात वेडेपणा दिसेल. चाक गोल असलं, फिरलं, की झालं. पण त्या मंडळींना विचारा. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कुणा ओतशाळेत हातानं ओतलेलं चाक वेगळं आणि त्याच्यावरून साचा उचलून कुठंतरी धडाधड काढलेलं वेगळं. लांबून दोन्ही सारखीच दिसतात. जवळ गेलं की नकलेच्या कडा बोथट लागतात, अक्षरं सुजल्यासारखी दिसतात, आणि आऱ्यांची मागची बाजू, जी खऱ्या चाकात खोलगट असते, ती सपाट भरलेली असते. नकली चाक लावून तिथं येणारा माणूस म्हणजे उसनी पदवी लावून लग्नाला आलेला नवरदेव.

पूर्वी तोंडावरच "नकली!" म्हणून ओरडायचे. एकदा एक पोरगेला माणूस सगळ्यांसमोर रडला, आणि तेव्हापासून तोकुजीनंच रीत घालून दिली. नकली चाकं दिसली तर वाकायचं नाही, बसायचं नाही, चाकांचं नावही काढायचं नाही. फक्त म्हणायचं, "रंग छान राखलाय हो गाडीचा." ऐकणारा काय ते समजायचा. पुढच्या रविवारी साधी लोखंडी चाकं लावून यायचा, नाहीतर यायचाच नाही. सभ्यपणानं जेवढा पाणउतारा होतो तेवढा शिव्यांनी होत नाही, हे तोकुजीच्या लक्षात तेव्हा आलं नसावं. नवीन लग्न झालेलं असताना त्याची बायको फुसाए रविवारी भात वाढताना हसून विचारायची, "काय हो, आज कुणाचा रंग छान निघाला?" आणि तोही हसून सांगायचा.

त्याची स्वतःची गाडी मोहरीच्या रंगाची जुनी सनी होती, आणि तिला वर्षानुवर्षं लोखंडी चाकंच होती. त्याला हवी होती ती 'त्सुबामे', म्हणजे पाकोळी, या नावाची चाकं. ओसाकाजवळच्या एका लहानशा ओतशाळेनं ती थोडी वर्षं काढली आणि ओतशाळा बंद पडली. "मिळाली तर खरी, नाहीतर लोखंडी," असं तो म्हणायचा, आणि मंडळी मान डोलवायची.

तोकुजीच्या पन्नाशीला फुसाएनं ती आणली.

फुसाए स्टेशनजवळच्या ईल माशाच्या हॉटेलात स्वयंपाकघरात कामाला होती. तिथल्या पगारातून तिनं बाजूला टाकत टाकत हे केलं होतं, नवऱ्याला कानोकान खबर न लागू देता. पन्नाशीच्या दिवशी तो कामावरून आला तर दारात चार खोकी. ती मागे उभी, हात ॲप्रनला पुसत, आणि तोंडाचा पट्टा चालू. "नागोयापर्यंत गेले मी. दुकानदार इतका भला माणूस, म्हणाला, बाईसाहेब, ही चाकं तुमच्या यजमानांची वाटच बघत होती. उघडा ना! बघत काय बसलात?"

त्यानं पहिलं खोकं उघडलं. अक्षरं सुजलेली होती. त्यानं चाक उलटं केलं. आऱ्यांची पाठ सपाट भरलेली होती.

"आवडली?" फुसाएनं विचारलं.

तोकुजीनं चाकावरून हात फिरवला. "केवढा त्रास घेतलास तू," तो म्हणाला, आणि त्याला भरून आलं. ते खोटं नव्हतं. फुसाएला वाटलं आनंदानं आलंय, आणि तीही रडली.

त्याच संध्याकाळी त्यानं चाकं गाडीला चढवली. पण रविवार आल्यावर प्रश्न पडला. ही चाकं लावून तळ्यावर गेलं तर ज्यानं रीत घालून दिली त्यालाच 'रंग छान राखलाय' ऐकून घ्यावं लागणार. काढून जावं, तर फुसाए विचारणार. ती तर शनिवारीच टूथब्रश घेऊन एकेक आरा घासत बसली होती. शेवटी रविवारी सकाळी तो उठला, कपडे केले आणि म्हणाला, "आता मंडळी पुरे झाली. यापुढं रविवार तुझ्याबरोबर."

फुसाए हातातला वाडगा तसाच धरून उभी राहिली. "माझ्याबरोबर?" तिनं विचारलं. "अहो, खरंच?"

"खरंच," तो म्हणाला.

मंडळींना त्यानं कंबरदुखी सांगितली. आणि मग ते दोघं दर रविवारी गाडी काढून तळ्याच्या दुसऱ्या काठानं फिरायला जायला लागले. पहिलं वर्ष त्याचं कशात लक्ष नव्हतं, हे कबूल करायला हवं. फुसाए संत्र्यांच्या बागा दाखवायची आणि हा मनात म्हणायचा, आत्ता आपला चेला कुरेबायाशी आला असेल, आत्ता किटलीतला चहा ओतत असतील. पण माणसाला सवय लागते, आणि सवयीच्या पोटात काय वाढतं ते त्यालाही कळत नाही. फुसाए ग्योझाच्या, म्हणजे सारण भरलेल्या जपानी करंज्यांच्या, टपरीवर सोयाबीनचे कोंब जास्त मागून घ्यायची, टपरीवाला ओरडायचा, ती उलट ओरडायची, आणि तोकुजीला हसू आवरायचं नाही. ती परतीच्या वाटेत झोपायची, तोंड उघडं टाकून, आणि तो खड्डे चुकवत हळू हळू चालवायचा. कधीतरी त्याच्या लक्षात आलं, की शुक्रवारपासूनच आपण रविवारची वाट बघतोय. मंडळींची आठवण येईनाशी झाली होती. हे त्यानं तिला सांगितलं नाही. सांगायचं कशाला, तिला तर पहिल्या दिवसापासून तेच माहीत होतं.

फुसाए आजारी पडली ती बरी होण्यासारखी नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी असू द्या. घरी आल्यावर ती म्हणाली, "मला एकदा तुमच्या मंडळींत न्या."

"तिथं काय बघायचंय? लोखंड आणि धूर."

"तुमचा जीव होता तिथं. माझ्यापायी सोडलात. एकदा मला तिथं बसून चहा पिऊ दे, म्हणजे मला वाटेल फेडलं."

त्यानं थंडीचं कारण सांगितलं, वाऱ्याचं सांगितलं. ती हटून बसली. शेवटी त्यानं कुरेबायाशीला फोन लावला. कुरेबायाशी पूर्वी त्याच्या मागे मागे उकिडवा बसत चाकं पारखायला शिकला होता, आता मंडळींत मोठा झाला होता.

"अमानोसान! अहो, आहात कुठं? आम्हाला वाटलं गाडी विकून बोटबीट घेतलीत."

"रविवारी येतोय, कुरे. फुसाएला घेऊन. तिचं आता फार दिवसांचं नाही."

"या. सगळ्यांना सांगतो."

"गाडीला त्सुबामे आहेत."

"काय सांगता! मिळाली शेवटी?"

"गाडीला चढवलीत," तोकुजी म्हणाला, 'खरी' म्हणाला नाही. कुरेबायाशी त्याच्याच हाताखाली शिकलेला. त्याला कळलं.

"वहिनींनी आणली का?" त्यानं हळूच विचारलं.

"हो. तिला माहीत नाही."

"मग मी सगळ्यांसमोर खरी म्हणून टाकतो ना. वाकून बघतो, म्हणतो, खरी आहेत. काय बिघडतं?"

'म्हण' एवढाच शब्द तोकुजीला बोलायचा होता. तेवढा बोलला असता तर सगळं निभावलं असतं. पण त्या जागी, त्या चाकांना कुणी खरी म्हणावं, हे त्याच्या घशाखाली उतरेना. बायको मरायला टेकली होती आणि हा आपल्या पारखीला जपत होता. माणसं अशी असतात.

"नको," तो म्हणाला. "चाकांबद्दल कुणी काहीच बोलू नका. तेवढं करा."

"शब्द देतो," कुरेबायाशी म्हणाला.

त्या मंडळींनी शब्द पाळला, आणि तिथंच घात झाला.

रविवारी ऊन होतं. औषधांनी फुसाएचे केस गेले होते, म्हणून तिनं डोक्याला जांभळा रुमाल बांधला होता. कुरेबायाशीनं तिच्यासाठी घडीची खुर्ची उन्हात मांडली, गुडघ्यांवर पांघरूण दिलं, चहा दिला. एकेक जण येऊन वाकून नमस्कार करत होता. मग सनीकडे वळत होता, आणि काहीतरी बोलायला तर हवं. चाकांचं बोलायचं नाही, असं ठरलेलं.

"रंग छान राखलाय," एक जाडेले गृहस्थ म्हणाले, आणि म्हटल्या म्हटल्या त्यांनी जीभ चावली.

दुसऱ्यानं सावरायला आरशांची स्तुती केली. तिसऱ्यानं सीटची. चौथ्याला काही सुचेना, तो म्हणाला, "खरंच, रंग काय राखलाय!"

शेजारी एक पांढरी गाडी होती. तिच्या चाकांभोवती पाच जण उकिडवे बसले होते, बोटं आत घालत होते, हसत होते. सनीच्या चाकांपाशी कुणी वाकलं नाही. फुसाए चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बघत होती. तिनं चहा सगळा संपवला, सगळ्यांचे आभार मानले, आणि म्हणाली, "निघू या का?"

गाडी पुलावर आली.

"आपल्या गाडीचा रंग छान आहे म्हणे," ती म्हणाली.

"हं."

"कधी कळलं तुम्हाला?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "खोकं उघडलं तेव्हाच."

"मेला तो दुकानदार. दोनदा चहा पाजला होता मला त्यानं." ती थोडी हसली. "आणि मी दर शनिवारी ब्रशनं घासत बसले. तुम्ही बघत होता आणि बोलला नाहीत."

"तू मनापासून आणली होतीस."

"ते जाऊ दे. चाकांचं मला काही वाटत नाही." ती खिडकीबाहेर बघत होती. "म्हणजे तुम्ही मंडळी माझ्यासाठी नाही सोडली. लाज वाटली म्हणून सोडली. मी आपली समजत होते, या माणसानं सगळं टाकून मला निवडलं. माझ्या आयुष्यात तेवढी एकच मोठी गोष्ट होती हो."

तोकुजीनं गाडी बाजूला घेऊन थांबवली.

"खरं सांगा," ती म्हणाली. "चाकं खरी असती, तर त्या रविवारी तुम्ही गेला असता ना तिकडे?"

इथं खोटं बोलणं सोपं होतं, आणि कुणीही त्याला दोष दिला नसता. पण तिनं 'खरं सांगा' म्हटलं होतं.

"गेलो असतो," तो म्हणाला.

फुसाएनं मान हलवली.

"पण ते तेव्हाचं," तो घाईघाईनं म्हणाला. "पुढं तसं राहिलं नाही. पुढं मी तुझ्यासाठीच—"

"पुढं तरी तिकडे कसे जाणार होतात? गाडीला चाकं तीच होती ना."

चुकीचं काही बोलली नव्हती ती.

पुढच्या रविवारी तीच त्याला म्हणाली, "आता लपवायचं काय राहिलंय? लोखंडी चाकं घाला आणि जाऊन या."

"मला नाही जायचं."

"आजारी बायकोला टाकून गेला तर लोक काय म्हणतील, होय ना?" ती चिडून बोलत नव्हती. आणि खरी अडचण हीच होती. इतकी वर्षं चाकं आड आली, आता आजार आड आला. न जाण्याला काही ना काही कारण असायचंच, आणि केवळ तिच्यासाठी थांबलोय हे दाखवायला त्याच्या हातात काही उरलं नव्हतं.

त्याच्या पुढच्या रविवारी त्यानं तिच्या अंथरुणाजवळ बसून जन्मात न केलेली गोष्ट केली. "मला तुझ्याबरोबर आवडायचं," तो म्हणाला. "पहिलं वर्ष नाही. पण नंतर मला दुसरीकडे कुठं जायचंच नव्हतं. तू गाडीत झोपायचीस, तेव्हा मी लांबच्या रस्त्यानं यायचो."

फुसाए त्याच्याकडे खूप वेळ बघत राहिली. त्याच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत बघितलं, जणू त्याला फिरवून मागूनही बघता आलं असतं तर बरं झालं असतं. तो हलला नाही.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "ती खिडकी लावून घ्या. वारा येतोय."

त्यानं खिडकी लावली. तिला पटलं की नाही, हे विचारायचा त्याला धीर झाला नाही. त्याच आठवड्यात, शुक्रवारी पहाटे, ती गेली.

अंत्यविधीला मंडळी आली होती, कारखान्यातले आले होते. उदबत्ती लावून झाल्यावर फुसाए कामाला होती त्या हॉटेलची मालकीण त्याच्यासमोर आली. ठसठशीत बाई, रडून डोळे लाल झालेले.

"अमानोसान, तुम्हाला एक सांगते," ती म्हणाली. "फार हेवा वाटायचा आम्हाला तिचा. आमच्या नवऱ्यांनी आमच्यासाठी साधी सिगारेट सोडली नाही. ती सांगायची, आमच्या ह्यांनी मित्र सोडले, सगळं सोडलं, फक्त माझ्याबरोबर रविवार घालवायचा म्हणून."

तोकुजीनं मान वर केली. "कधी सांगायची?"

"कायमच. आत्ता मंगळवारी मी भेटायला आले होते, तेव्हाही तेच सांगत होती."

मंगळवारी. म्हणजे तो अंथरुणाजवळ बसून बोलला त्याच्यानंतर दोन दिवसांनी. तिनं ते पटलं म्हणून सांगितलं, की चारचौघांत नवऱ्याची लाज राखायला सांगितलं? सांगताना तिचा चेहरा कसा होता, हसत होती की उगाच बोलत होती, एवढं त्याला विचारायचं होतं. ओठांपर्यंत आलं होतं. पण मागे माणसं खोळंबली होती, आणि बाई रुमालानं डोळे पुसत होती.

"आभारी आहे," तो म्हणाला, आणि कमरेत वाकला.