राव सारांच्या चपला

माझ्याआधी आमच्या घरातलं कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. तेव्हा मी एका शिक्षकाविषयी लिहायला बसावं हा आगाऊपणाच आहे. वाचकांनी तो पोटात घालावा. राव सारांविषयी त्या कॉलेजातलं दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून लिहितो.

राव सार रसायनशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर. घराणं तंजावरचं. कपाळाला गंध, डोक्यावर शेंडी, धोतरावर कोट आणि पायांत टायरच्या जाड चपला. त्या घालून ते थेट प्रयोगशाळेत शिरत. मद्रासेतल्या आमच्या कॉलेजात हे भलतंच होतं. प्रयोगशाळा म्हणजे सरस्वतीचं देऊळ, असं विभागप्रमुख सांगत. सरस्वतीपूजेला तिथल्या तराजूंनाही चंदन-कुंकू लागे आणि एरवीही सगळ्यांच्या वहाणा दाराबाहेर असत. मुलं सारांना पाठीमागे ‘सेरुप्पु सार’ म्हणत, म्हणजे चपलांचे सर.

माझे वडील मद्रासेजवळच्या आवडी या गावातल्या कारखान्यात कामगार, घरचं बोलणं मराठीत. विद्येच्या दारात पायताण घालून जायचं नाही, असं आईने बजावलं होतं. पहिल्या दिवशी मी चपला काढल्या आणि उंबऱ्याला हात लावला. आतून जुन्या वळणाच्या, तमिळ हेलाच्या मराठीत आवाज आला.

“नमस्कार जाहला? आतां चपला घाल आणि ये.”

“पण सर, आत देव...”

“देवास ठाऊक आहे, ॲसिड खालीं सांडतें. तुजला ठाऊक नाहीं.”

मी घातल्या. आईचा शब्द मोडल्यासारखं दिवसभर वाटत राहिलं.

सारांचं म्हणणं मुलांनी ऐकावं, एवढ्यात विभागप्रमुख येत आणि ते पुसून टाकत. एकदा त्यांनी माझ्या पायांकडे बोट दाखवलं. “काढ त्या. नाहीतर प्रात्यक्षिक परीक्षेला बसायचं नाही.” परीक्षा बुडली तर वडिलांना काय सांगणार? मी वाकलो, तोच सार मध्ये येऊन उभे राहिले.

“माझ्या तासाला ह्यांचे पाय माझे, सार. परीक्षेला काय तें तुम्ही बघा.”

विभागप्रमुख तेव्हा निघून गेले, पण बहुतेक मुलांनी धसका घेतला आणि चपला बाहेरच ठेवल्या. माझ्या शेजारच्या टेबलावरचा वेंकटेशन त्यांपैकीच. तो हसून म्हणाला, “तुझा राव तुला नापास करवणार.”

थोड्याच दिवसांनी वेंकटेशनच्या समोर तापत असलेला बीकर तडकला. ॲसिड टेबलावरून ओघळून खाली आलं. माझ्या चपलेचा पट्टा काळा पडला. वेंकटेशनच्या पायात काहीच नव्हतं.

त्याची किंकाळी ऐकून कुणी धुण्याचा सोडा आणायला धावलं. “सोडा नको, पाणी,” सार ओरडले. त्यांनी त्याला उचलून सिंकवर बसवलं आणि तो पाय आपल्या हातात धरून नळाखाली ठेवला. वेंकटेशन पाय ओढत होता, सार सोडत नव्हते. “राहूं दे, कण्णा, बाळा. अजून. अजून थोडें.” त्यांचं धोतर ॲसिडने चाळणीसारखं झालं होतं.

चौकशी झाली. अहवालात ‘विद्यार्थ्याचा निष्काळजीपणा’ असं लिहिलं होतं आणि साक्षीदार म्हणून सारांची सही हवी होती. आम्ही दाराशी उभे राहून ऐकत होतो.

“काच तडकतेच,” सार म्हणाले. “तडकणें अपराध नव्हे. पोरांचे पाय उघडे ठेवविले, तो अपराध. तें लिहा, सही करितों.”

ते कुणी लिहिलं नाही. सारांना काढून टाकलं.

पुढच्या प्रात्यक्षिकाला आम्ही सगळे चपला घालून दाराशी गेलो. मी पुढे होतो असं म्हणणार नाही. पुढे वेंकटेशन होता. एका पायात चप्पल, दुसऱ्याला बँडेज. विभागप्रमुखांनी दार लावून घेतलं. आम्ही तास संपेपर्यंत तिथेच उभे राहिलो. परीक्षेची भीती मला तेव्हाही वाटत होती, पण चपला काढाव्यात असं वाटलं नाही. परीक्षेआधी दार उघडावंच लागलं. चपलांविषयी मग कुणी काही बोललं नाही.

आता मी मद्रासेतल्याच गिंडी भागात एका रंगाच्या कारखान्यात आहे. अनवाणी आलेल्या माणसाला मी फाटकातूनच परत पाठवतो, त्यावरून शिव्याही खातो. परवा वेंकटेशन तिथे आला. अजून किंचित लंगडतो.

“राव सार गेले,” तो म्हणाला. “तंजावरला.”

मी विचारलं, “शेवटी काय करत होते?”

“एका शाळेत शिकवत होते. तिथेही मुख्याध्यापकांशी भांडण.”

“कशावरून?”

वेंकटेशनने आपल्या पायाकडे पाहिलं.

“पण या खेपेला,” तो म्हणाला, “मुख्याध्यापकांनी चपला घातल्या.”