गणपतीच्या उतारावरून आमचे हे

समस्त रायपूरवासी मराठी बंधुभगिनींना, नाकाला पदर लावून आणि अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, तळ्यांचं शहर म्हणून मिरवणाऱ्या या राजधानीत, ज्याचा डावा पाय गुडघ्यात वाकत नाही अशा माणसाने पाण्यापर्यंत जावं, अशी सोय देवाने, सरकारने किंवा वाडवडिलांनी कुठेही करून ठेवलेली नाही. मी स्वतः शोधलं आहे. एकच जागा सापडली आणि तिचं वर्णन पुढे येणार आहे. जेवण झाल्या झाल्या वाचू नये, एवढीच नम्र विनंती.

तो डावा पाय आमच्या ह्यांचा. सदर बाजारात एका स्कूटीने ह्यांना मागून उडवलं. पायात सळई बसली, हाड जुळलं, पण गुडघा जो ताठ झाला तो झालाच. ऑफिसात टेबलाखालून तो पाय बाहेर आलेला असतो आणि चहावाला रोज त्याला अडखळतो. एवढ्यावर भागलं असतं. पण हे गोंदियाकडचे, गावच्या बोडीच्या काठावर वाढलेले. बोडी म्हणजे आमच्याकडची लहान तळी. तिच्या काठी गळ टाकून उकिडवं बसायचं आणि संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलायचं नाही, हा ह्यांचा लहानपणापासूनचा धर्म. आता ज्याचा गुडघा वाकत नाही तो उकिडवा बसणार कसा? खुर्ची नेऊन पाहिली. खुर्चीचे मागचे पाय चिखलात गेले आणि हे आभाळाकडे पाहत मागे झुकत गेले, सावकाश, एखाद्या पडद्यासारखे.

त्यानंतर हे बाहेर जायचेच थांबले. ऑफिस आणि सोफा. सोफ्याला ह्यांच्या आकाराचा खड्डा पडला. मोबाइलवर दुसऱ्यांनी पकडलेले मासे पाहायचे आणि उसासे टाकायचे. मला माशाचा वास जन्मात आवडलेला नाही, पण त्या उसाशांपेक्षा मासा बरा, या निष्कर्षाला मी त्या दिवसांत आले.

पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीने यावर उपाय पाठवला: कयाक. नारिंगी प्लॅस्टिकची, लांबट, एका माणसाची होडी. वर खोलगट बैठक, हातात दोन्ही टोकांनी चालणारं वल्हं. आणि खरी गंमत अशी की त्यात पाय सरळ पुढे पसरूनच बसायचं असतं. जगात बसायची ही एकच जागा असावी जिथे आमच्या ह्यांचा पाय नियमाप्रमाणे आहे. हॉलमध्ये टीव्हीसमोर ती ठेवून हे तिच्यात बसले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. शेजारची म्हणाली, "दीदी, बाथटब लिया क्या?" आमच्या चौबे कॉलनीत बातमी पसरायला याहून जास्त काही लागत नाही.

मग माझ्या फ्रीजची विटंबना सुरू झाली. दह्याच्या डब्यात गांडुळं. शेंगदाण्याची खल, म्हणजे पेंड, भिजवून, आंबवून, तिच्यात हिंग आणि बडीशेप घालून केलेले गोळे, कारण रोहू माशाला म्हणे तो वास फार प्रिय. मला एवढंच म्हणायचं आहे की ज्याला तो वास प्रिय आहे त्याला मी ताटात घेणार नाही. एकदा मी अंधारात हात घालून दही समजून भलताच डबा उघडला. पुढचं लिहिणार नाही. दही मी आजही पारखून घेते.

पण ह्यांची एक अट होती, आणि सगळी कथा त्या अटीची आहे. मला कोणी उचलायचं नाही. अपघातानंतर ह्यांना सगळ्यांनीच उचललं होतं. दवाखान्यात वॉर्डबॉयने, जिन्यात शेजाऱ्यांनी. शेवटी दुर्गला एका लग्नात स्टेज उंच होतं, तर चार भाच्यांनी ह्यांना खुर्चीसकट उचललं, बँडवाल्यांना जोर चढला, आणि खुर्ची मंडपभर नाचवली गेली. नवरदेव बाजूला राहिला, व्हिडिओ ह्यांचा निघाला. त्या रात्री हे मला म्हणाले, "यापुढं मले कोणी उचललं तर पाह्य तू. माझं मढं बी आपल्या पायानं जाईल." आणि कयाकबद्दल ठरलं ते असं: दिवाळीपर्यंत कोणी न उचलता पाण्यात उतरता आलं तर ठीक, नाही तर होडी पोरीला परत आणि हे सोफ्यावर परत. हे बोलले की बोलले. त्यांना मी ओळखते. म्हणून शोध मीच हाती घेतला.

आणि शोध म्हणजे काय हो! दर रविवारी कारच्या टपावर नारिंगी होडी बांधायची आणि शहरभर पाणी पाहत हिंडायचं.

इथल्या तळ्यांना चारी बाजूंनी पायऱ्या असतात, त्यांना पचरी म्हणतात. आंघोळीला, कपडे धुवायला, कार्तिकात दिवे सोडायला फार छान. ताठ पायाला मात्र शेवाळलेली पचरी म्हणजे थेट दवाखान्याची वाट. शहरातलं एक तळं तर नटवून ठेवलंय. रेलिंग, कारंजं, हृदयाच्या आकाराची फोटो काढायची जागा. पाणी ऑइलपेंटच्या डब्यासारखं हिरवं, वर चिप्सची पाकिटं. गार्डने शिट्टी मारली.

"मछली पकड़ना मना है सर."

"भैया, सिर्फ नाव डालनी है," मी म्हटलं.

त्याने टपावरच्या होडीकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे, मग नियमांच्या पाटीकडे. "ये तो लिखा भी नहीं है," तो म्हणाला, "मतलब बिलकुल मना है."

पुढच्या रविवारी सिलतऱ्याच्या पलीकडचं एक गावतळं. तिथे एका बाजूला पचरी नव्हती, मऊ मातीचा उतार होता, थेट पाण्यापर्यंत. मी आनंदाने गाडीतून उतरले, दोन पावलं टाकली आणि जागच्या जागी थिजले. उतार रिकामा का राहिला होता ते पायाखालीच कळलं. गावाने आपला हिशेब साधा ठेवला होता: पायऱ्या आंघोळीला, उतार सकाळच्या विधीला. एक गृहस्थ तर अजून बसलेले होते. त्यांनी माझ्याकडे पाहून लोटा पुढे सरकवला, जणू मी त्यांच्या दिवाणखान्यात शिरले होते. पाण्यावर कारखान्यांच्या काळ्या धुळीची साय. त्या सायीत एक म्हैस, ती पण तोंड वर करून, नाक वाचवत. हे गाडीतून ओरडले, "काय झालं? काहून थांबली?" मी म्हटलं, "अहो, खाली उतरू नका. जागा घेतलेली आहे." चपला मी तिथेच सोडल्या. अनवाणी घरी आले.

मला राग आला तो म्हशीचा नाही, त्या गृहस्थांचाही नाही. आपण पाण्याच्या आरत्या करतो, पाण्याला आई म्हणतो, आणि आईपाशी जायच्या प्रत्येक सोप्या वाटेवर काहीतरी करून ठेवतो. मी रस्त्यात हे मोठ्याने बोलले. हे म्हणाले, "भाषण घरी दे. काच वर कर, वास येऊन राहिला." वास माझ्या पायांचा होता.

दसरा झाला. दिवाळी समोर दिसायला लागली आणि हे पुन्हा सोफ्याच्या खड्ड्यात बसायला लागले. होडीत आता इस्त्रीचे कपडे ठेवले जात होते. तेव्हा मला सुचलं: ज्या शहरात एवढाले गणपती आणि दुर्गा पाण्यात जातात, तिथे त्या काही पायऱ्या उतरून जात नसणार!

खारून नदीच्या एका घाटावर विसर्जनाचा उतार आहे. सिमेंटचा, रुंद, ट्रॉली मागे लावून थेट पाण्यात नेता येईल असा. बघा म्हणजे, न चालणाऱ्याला पाण्यात न्यायची सोय या शहरात आहे, फक्त तुम्ही मातीचे पाहिजे.

सकाळी आम्ही पोचलो. विसर्जनं होऊन काही दिवस झाले होते आणि देव गेल्यावर जे उरतं ते सगळं त्या उतारावर होतं. गवताचे सांगाडे, बांबू, कुजून काळा रबडा झालेले झेंडू, जरीच्या चिंध्या, खोटे केस, दात विचकावेत तशा तारा काढून पडलेलं एक प्लास्टरचं पोट, आणि प्लॅस्टिक, प्लॅस्टिक, प्लॅस्टिक. वास कसा सांगू? फुलवाल्याच्या दुकानात उंदीर मेला आणि कोणी उदबत्ती लावून ते झाकायला गेलं, तसा. रबडा माझ्या घोट्यांवर आला. बोटांच्या मध्ये काहीतरी थंडगार शिरलं. उचलून पाहिलं तर मातीचा पंजा, आशीर्वाद देणारा. मी तो कोरड्या जागी ठेवला आणि हात कुठे पुसावा हे न कळून हवेत धरून उभी राहिले.

उतारावर पाच-सहा धट्टेकट्टे गडी बांबू काढत होते. हंगामात मूर्ती पाण्यात उतरवायचं काम हेच करतात. उरलेले बांबू मग विकतात. त्यांच्यातला मुख्य, डोक्याला गमछा बांधलेला, आमची होडी पाहून खुश झाला.

"ए का आय दीदी? डोंगा?"

"हाँ भैया, डोंगा. साहब इसमें बैठेंगे. बस एक बात है, साहब को उठाना नहीं है. हाथ भी नहीं लगाना."

"हव दीदी, नइ उठावन," तो म्हणाला. "साहब बैठें, हम पटरा सरका देबो. जइसे हमेशा सरकाथन."

हे ऐकताच मला शंका यायला हवी होती. नाही आली. रबड्यात उभं राहिलं की डोकं चालत नाही.

हे स्वतः गाडीतून उतरले, काठी टेकत उतारापर्यंत आले, स्वतःच होडीत बसले. नारिंगी होडी, नारिंगी लाइफ जॅकेट, पाय सरळ, वल्हं मांडीवर आडवं, कपाळावर घाम. खरं सांगते, अगदी स्थापना झाल्यासारखे दिसत होते. माझ्याकडे पाहून म्हणाले, "पाह्य, कोणी नाही उचललं." आवाज असा, की मला तो सगळा घाणेरडा उतार क्षणभर माफ झाला.

गड्यांनी होडीखाली फळी सारली, मागे दोर धरला आणि सावकाश सरकवायला लागले. शब्दाला जागत होते बिचारे, ह्यांना कोणाचं बोटही लागलं नाही. होडीचं टोक पाण्याला टेकलं. आणि टेकल्याबरोबर त्या हातांना जी सवय होती ती जागी झाली. मागच्या कोणीतरी आरोळी ठोकली, "गणपती बप्पा!" बाकीच्यांनी पूर्ण केली. होडीच्या दोन्ही बाजू सहा गड्यांनी धरल्या आणि आमच्या ह्यांना, होडीसकट, एकदा बुडवलं. वर काढलं. दुसऱ्यांदा बुडवलं. वर काढलं. वरच्या पायरीवर आंघोळीला आलेल्या एका म्हातारीने डोळे मिटून हात जोडले. मी "अरे! अरे!" करत होते, पण गजरात कोण ऐकतं? तिसऱ्यांदा बुडवलं आणि रिवाजाप्रमाणे सोडून दिलं.

मुख्य गड्याचे डोळे मोठे झाले. त्याने दोन्ही कान पकडले. "अरे ददा रे! आदत पर गे हे दीदी, आदत!"

होडी बुडाली नव्हती, ती बुडत नाहीच, उसळून वर येते. तिच्यात हे बसलेले होते. डोक्यावर गवत, एका कानाला झेंडूची माळ, तोंडावर काळा चिकट रस, आणि तो रस हनुवटीवरून लाइफ जॅकेटात जात होता. त्यांनी तोंडातून काहीतरी थुंकलं, ते जरीचं निघालं. मला किळस आली, आणि तिच्याखाली भीतीही होती. मला वाटलं, संपलं. उचललं ते उचललंच, वर बुडवलं. आता होडी पोरीला जाणार आणि हा माणूस सोफ्यात जाणार, तो कायमचा.

"साहब, रुको, हम लाथन!" म्हणत सगळे गडी ह्यांना आणायला पाण्यात शिरले. लाजेने, घाईने, हात पुढे करून, कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. बारा हात ह्यांच्याकडे येत होते.

ह्यांनी त्या हातांकडे पाहिलं. गालावरचं पुसलं नाही, माळही काढली नाही. मांडीवरचं वल्हं उचललं आणि एक मारलं, डावीकडे. मग उजवीकडे. होडी डगमगली, सरळ झाली, आणि रबड्याचा पट्टा फाडत उघड्या पाण्यात गेली. गडी गळ्यापर्यंत आले, एकाच्या तोंडात पाणी गेलं आणि त्याने ते थुंकून टाकलं. पुढे पाय टेकत नव्हते. तिथे ते थांबले, हात तसेच वर. हे अजून दोन वल्ही पुढे गेले. मग होडी वळवली, घाटाकडे तोंड केलं, आणि कित्येक महिन्यांत मी ऐकला नव्हता अशा आवाजात, गड्यांना, म्हातारीला, मला, सगळ्यांना उद्देशून ओरडले:

"या ना आता! या, उचला मले!"