माझ्या गुडघ्यानं मोडलेली सोयरीक

मी रोहिदास. राहणार वडगाव रासाई, वय चोपन्न, धंदा शेवंती-झेंडूचा आन् जोडीला फुकटचा सल्ला. गावात कुणाची कंबर धरली, कुणाच्या म्हशीनं वैरण सोडली, की मी बोलवायच्या आत हजर. दुसऱ्याच्या दुखण्यावर माझ्याकडं औषध न्हाई असं कधी झालं न्हाई. स्वतःचं दुखणं मात्र जन्मापासून अंगावर घेऊन फिरलो आन् ते काय हाय याचा पत्ता लागला न्हाई, एवढी आपली अक्कल.

खुणा काय कमी न्हवत्या. माझ्या दोन्ही कानांच्या पाळ्या निळ्या-काळ्या. चौथीत गुरुजींनी कान पिळले त्याचे वण हायेत, असं मी निम्म्या गावाला सांगून ठेवलेलं. कान पिळले चौथीत आन् काळे झाले तिशीनंतर, हा मेळ मला कधी लागला न्हाई. गुरुजी बिचारे वारले, पण आळ त्यांच्या नावावर राहिला.

आई सांगायची, तान्हा असताना माझी दुपटी साबणानं धुतली की डाग जायच्याऐवजी आणखी काळे पडायचे. तिनं विहिरीच्या पाण्याला बोल लावला. पुढं माझ्या बनियनच्या काखा तपकिरी व्हायला लागल्या, तवा माया, म्हंजी माझी बायको, साबण बदलून बदलून दमली. मोरीत लघवी साचून राहिली की काळी दिसायची. मी म्हणायचो, उष्णता. आन् उन्हाळाभर सब्जा पीत राहायचो. चाळिशीत पाठ गेली, पन्नाशीत गुडघे. त्यावर मी रानातल्या कामाचा शिक्का मारला. काम निम्मं माया करायची, ती टुणटुणीत, हे कुणी काढलं तर मी विषय बदलायचो.

त्यात पोरीच्या लग्नाचं निघालं. माझी बहीण धुरपदा पाटसला दिलेली. तिचा हृतिक शिक्रापूरला कंपनीत लाइनवर हाय. माझी प्रांजल पाळण्यात होती तवाच धुरपदानं तिला सून म्हणून मागितली, आन् मी शब्द दिला. मामाच्या पोरीवर भाच्याचा मान पहिला, आमच्यात रीतच हाय. प्रांजल आता बी.एस्सी. झाली, शिरूरला क्लासमध्ये शिकवती. दोन वर्षं ती मला नको म्हणत होती. हृतिकला लहानपणापासून भाऊ म्हणून बघितलंय, एवढंच कारण सांगायची. कधी रडून सांगायची, कधी शांतपणानं. मी हसायचो. तुझी आई माझ्या मामाची पोर, माझी आई माझ्या बापाच्या मामाची पोर, आमचं काय वाईट झालं, असं विचारायचो आन् भिंत धरत लंगडत ओट्यावर जाऊन बसायचो.

दिवाळीनंतर सुपारी फोडायचं ठरलं. त्याआधी एक गुडघा बदलून घ्यावा, म्हंजी मांडवात ताठ उभं राहता येईल, असा माझा विचार. पुण्याच्या एका दवाखान्यात भरती झालो. कमरेत इंजेक्शन दिलं, खालचं अंग बधिर, पण मी जागा. तोंडापुढं हिरवा पडदा. पलीकडं घरघर चालू झाली, मधेच थांबली. डॉक्टर म्हणाले, "हे काय आहे?"

टेबलावर पडलेल्या माणसानं हे वाक्य ऐकू नये. मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचा पाय उघडला. मग आणखी दोघं-तिघं बघायला आले, कुणीतरी फोटो काढला. मी पडद्याआडून विचारलं, काय सापडलं का? तर घरघर पुन्हा चालू झाली.

तिसऱ्या दिवशी एक डॉक्टरीणबाई खाटेपाशी आली. लघवी तपासली होती, रक्त तपासायला गेलं होतं. तिनं सांगितलं, सांध्यातली कूर्चा, म्हंजी हाडांमधली गादी, पांढरी असती, माझी कोळशासारखी काळी निघाली. आपण डाळ, दूध, अंडी जे खातो त्यातली अमिनो आम्लं शरीर पायरीपायरीनं मोडतं. एकेका पायरीला एकेक एन्झाइम कामाला असतं. माझ्यातलं एक जन्मापासून कामावर आलेलंच न्हाई. त्यामुळं मधला माल पुढं सरकत न्हाई. काही लघवीतून जातो, उघड्यावर राहिला की काळा पडतो. उरलेला वर्षानुवर्षं कानात, मणक्यात, गुडघ्यात बसतो आन् सांधे खातो. नाव अल्काप्टोनुरिया. मी चार वेळा म्हणून बघितलं, जमलं न्हाई. बाई म्हणाली, जीव जात नाही, पण मुळापासून बरंही होत नाही, सांभाळत राहायचं.

मी म्हणालो, बरं झालं, गुरुजी सुटले. बाई काय हसली न्हाई. तिनं विचारलं, आई-वडील नात्यातले होते का? मी छाती फुगवून सांगितलं, आमच्यात बाहेरची पोरगी आलीच न्हाई. तिनं कागद घेऊन तीन पिढ्या काढल्या. आईकडनं एक आन् बापाकडनं एक, असे दोन्ही जीन बिघडलेले आले तरच हा आजार होतो. एकच बिघडलेला असला तर माणूस ठणठणीत, पण पुढं देऊ शकतो. प्रांजलकडं माझा एक हायच. बाहेरच्या माणसात हे फार दुर्मीळ, पण आमच्या नात्यात असायचा संभव मोठा. मग बाईनं विचारलं, मुलीचं लग्न कुठं ठरवलंय?

मी सांगितलं. सांगताना आवाज बारीक झाला.

महिन्याभरानं काठी टेकत पाटसला गेलो. हृतिकचं रक्त तपासून घेऊ म्हणालो, तर धुरपदा कडाडली. माझ्या पोरात खोट काढतोस व्हय, म्हणाली. चहासुद्धा विचारला न्हाई. मी जन्मभर जगाला सल्ले दिलेला माणूस, पण बहिणीपुढं जीन आन् एन्झाइम सांगताना माझी जी त्रेधा उडाली ती उडाली. शेवटी बाईनं दिलेला कागद काढला आन् तोबी उलटा धरला. हृतिक तेवढा नीट ऐकत होता. म्हणाला, मामा, मी रक्त देतो.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. त्याच्यातबी एक बिघडलेला निघाला. म्हंजी दोघांच्या हरेक लेकराला चारात एक धोका. धुरपदा पदर तोंडाला लावून रडली. लेकरं खुरडत चालायची असतील तर नको बाई, म्हणाली आन् आपणहून सोयरीक सोडली. हृतिकचा चेहरा पडला असंल म्हणून मी बघितलं, तर त्यो मोकळा झाल्यासारखा दिसला.

घरी आलो तो छाती काढून. प्रांजल ओट्यावर फुलं निवडत होती. मी खुर्ची ओढून भाषणच केलं. बहिणीला दिलेला शब्द बापानं तुझ्यासाठी मोडला, तुझ्या लेकरांचा विचार केला, सगळं रंगवून सांगितलं. ती उठून गळ्यात पडंल, निदान डोळे पुसंल, अशी माझी समजूत.

तिनं फुलं खाली ठेवली. "आप्पा," म्हणाली, "दोन वर्षं मी नको म्हणत होते. ते तुम्हाला ऐकू आलं नाही. गुडघ्यानं एकदा सांगितलं, ते लगेच ऐकलंत. आन् रिपोर्ट चांगला आला असता तर?"

रिपोर्ट चांगला आला असता तर मी सुपारी फोडली असती. हे तिला ठाऊक होतं आन् मलाबी. ती पुन्हा फुलं निवडायला बसली. तुला काय पाहिजे, एवढं एक मी त्या पोरीला आजवर विचारलं न्हवतं. ते विचारायला तोंड उघडलं आन् लाजेनं मिटलं.